नळाचा व्यास

फॉर्मात सातवा रकाना आहे:
सांडपाण्याच्या नळाचा व्यास, मिलिमीटरमध्ये.
अकरा वर्षं मी तो भरतोय.
मासळीच्या कारखान्याला तीनशे,
हॉटेलाला एकशेदहा
(ते नव्वद म्हणाले होते, टेप मी लावली).

आज खारवण्याच्या खाडीवर आलो,
खांद्याला बर्फाचा डबा, खिशात तक्रार.
अर्जदार द्वारका कुबल, धंदा तिसरे काढणे.
सहीखाली एक ओळ, वेगळ्या शाईत:
"पाणी बघूक येवा. हापिसात बसान कळाचा नाय."

ती गुडघाभर चिखलात,
पायाच्या बोटांनी तळ चाचपत.
बोटं थांबली की वाकायचं, असं काम.
बोटं थांबत नव्हती.
टोपलीत सतरा. मी मोजले.
"सतरा तिसऱ्यांचा सांबारा किती जणांक पुरतला?"
माझ्या फॉर्मात हा प्रश्न नाही.
काठाला हिरवी साय धरली होती,
बोट लावलं तर बोटाबरोबर येणारी.

नळ कुठे आहे, मी विचारलं.
तिने हात केला तिथे कलिंगडं होती.
बांधाच्या आत, भाताच्या जुन्या मळ्यांत,
काळ्या प्लास्टिकवर ओळीने निजलेली,
प्रत्येक ओळीला ठिबकची नळी, सोळा मिलिमीटर.
पण ती पाणी आणते.
नेतं ते अख्खं शेत:
वाफ्यावाफ्यातून, पाटाच्या कडेने,
कुर्ल्यांच्या बिळांतून, रात्रीचं, दिवसाचं,
आणि टेप धरायला कुठेच कड नाही.

इनास डिसोजाने फोड कापून दिली.
"माझ्याकडे नळ नाही, साहेब."
तो खोटं बोलत नव्हता.
खत किती? पिशवीवर लिहिलंय तेवढं.
आणि वर? वर एक मूठ.
मूठ कोणाची केवढी, हे पिशवीवर लिहिलेलं नसतं.
फोड गोड होती. ही नोंद कुठेही नाही.

बाटली भरली, बूच लावलं, लेबल चिकटवलं:
ओहोटी, सकाळचे नऊ चाळीस.
नायट्रेट पंधरा दिवसांनी कळेल.
द्वारकेला ते मार्गशीर्षातच कळलं होतं.

परत निघालो तर तिने बांधावरच अडवलं
आणि उघाडी दाखवली.
आइनाच्या चार फळ्या, दगडी खाचेत उभ्या घातलेल्या,
भरतीला खारं आत येऊ नये म्हणून.
"ह्यां तोंड नाय तर काय?"

फळ्यांचा राखणदार सोनू मेस्त.
आधी त्याला भात मिळायचं पायलीने,
आता दोन कलिंगडं, तीही फुटकी.
उंडीच्या सावलीत ते तिघं बसले. मला कोणी विचारलं नाही.
खत सोडलं की आठ दिवस फळ्या खाली.
आठ? मुळं कुजतील.
मग पाच.
पाच, आणि पाणी आधी लव्हाळ्यातून फिरवायचं,
तेवढी एक पट्टी नांगरायची नाही.
आणि फळ्या काढायच्या त्या उधाणाच्या ओहोटीला.
भांगाला काढल्या तर घाण इथंच घुटमळते,
हे सोनू म्हणाला, पहिल्यांदाच तोंड उघडून.

मी लिहून घेत होतो.
मिलिग्रॅम एकदाही आले नाहीत.
अमावास्या आली, पंचमी आली,
इनासची मूठ आली, द्वारकेने ती
टोपलीतल्या करवंटीने मापून बांधून दिली.

सातव्या रकान्यात मी लिहिलं: चार फळ्या.
हा कागद परत येईल, लाल शेऱ्यासह,
व्यास मिलिमीटरमध्येच द्यावा.

सगळे उठून गेल्यावर पाहिलं:
तिसरी फळी एक बोट उचललेली,
खाली कोणीतरी सरकवलेला दगड,
आणि पाणी चाललेलं, अगदी बारीक,
आवाजही न करता.
जीपचा हॉर्न वाजला.
मी वाकलो.
दगड हाताला गार लागला.