आवेदक संतुष्ट

मंगळवारी अकराला जनसुनवाई.
माझं काम टोकन देणं, विषय एका ओळीत लिहिणं:
नाला, पेन्शन, शेजाऱ्याची भिंत.

टोकन एकोणचाळीस. झिराडकर, अबिगेल शालोम,
वय एक्क्याऐंशी, स्नेहलतागंज.
मी मान वर केली नाही. आवाज पुरला.
ह्याच आवाजानं नववीत
माझे तीन गुण कापले होते, उत्तर बरोबर असून.
‘पायऱ्या कुठे आहेत?’
शनिवारी बाई शाळेत नसायच्या.
आम्हाला वाटायचं, उपास असेल.

विषय : सपना-संगीता रोडवरचं शर्टांचं दुकान.
पाटीवर हिटलर, वेलांटीच्या टोकाला
चौकोनी मिशी. रात्री ती लुकलुकते.

साहेब सभ्य. खुर्ची दिली, पाणी मागवलं.
‘अपने यहाँ यहूदियों से कभी नफ़रत रही ही नहीं, माताजी.’
‘नाही ना,’ बाई मराठीतच म्हणाल्या,
‘म्हणून तर इथे विचारायला आले.’

साहेबांनी अर्ज उलटा करून पाहिला,
उरलेलं मागे लिहिलं असेल तसा.
मग परवाना. पाटी बारा बाय तीन, नियमात.
कर भरलेला.
नाव ठेवणं मालकाचा हक्क,
नावं ठेवणं आमच्या खात्यात येत नाही,
आणि जर्मनी ह्या जिल्ह्यात येत नाही.
हे शेवटचं ते बोलले नाहीत. मला ऐकू आलं.

‘आप लोग कितने हैं इंदौर में?’
मार्चपर्यंत भाऊ होता.
‘एक,’ बाई म्हणाल्या.
साहेबांचे खांदे सैलावले,
पुढचा रस्ता मोकळा दिसल्यावर ड्रायव्हरचे सैलावतात तसे.
हसून म्हणाले, हिटलर यानी आजकल बस सख़्त आदमी.
स्कूल में एक मास्टर को हम भी...

मी टोकनांची चळत सरळ केली.
पुन्हा सरळ केली.
तिसऱ्या बाकावर, कंपासपेटीच्या झाकणावर,
कर्कटकाच्या टोकानं ते नाव मी कोरलं होतं,
पुढे ‘बाई’ लावून.
एकदा ती पेटी त्यांनी उचलली. वाचली.
झाकण लावून परत ठेवली
आणि समांतर रेषांचा धडा पुढे चालू केला.

पोर्टलवर रकाना रिकामा सोडता येत नाही.
दोनच पर्याय. दुसरा निवडला
की तेच पान पुन्हा उघडतं.
तीनदा उघडलं.
मग मी ‘आवेदक संतुष्ट’वर बोट ठेवलं.

पावती बाईंनी डोळ्यांजवळ धरली.
पर्समधून पेन काढलं, अजून लालच.
कापलं काही नाही.
समासात तीन टिंबं दिली, दोन खाली, एक वर,
‘म्हणून’ची खूण,
पुढची ओळ मोकळी ठेवली
आणि कागद माझ्याकडे सरकवला.

चाळीस नंबरवाला
केव्हाचा काचेवर टकटक करत होता.