निळी रेघ

आर्नफिन शर्ट काढतो
आणि दवाखान्यात सुक्या कॉडचा वास पसरतो.
बाहेर जानेवारी. दुपारचे दोन,
तरी बेटावर घरोघरी दिवे लागलेले.
पाठीच्या कण्यापासून डाव्या छातीखाली
लाल पुरळाचा पट्टा आलाय,
कुणी जळता दोर करकचून आवळावा तसा.

आपण जिला नागीण म्हणतो
तिला इथे म्हणतात नरकाची आग.
धास्ती मात्र तीच.
"आई सांगायची,
आगीची दोन टोकं भेटली की माणूस संपला."
रोज रात्री आरशासमोर तो मोजतो,
किती बोटं उरली.

डॉक्टर राग्नहिल्ड निळं पेन घेते,
कण्यावर टेकवते,
बरगडीच्या वळणावळणाने पुढे आणते
आणि छातीच्या ऐन मध्यावर थांबते.
"इथे हिची हद्द संपली.
पलीकडचं पाणी दुसरीचं."

एकतीस जोड्या आहेत, ती म्हणते,
मणक्यांच्या फटींतून बाहेर पडणाऱ्या.
मागच्या मुळाने खबर आत येते,
पुढच्या मुळाने हुकूम बाहेर जातो.
नखभर दोघं एकत्र चालतात,
मग फाटे फुटतात, एक पाठीला,
दुसरा बरगडी धरून पार पुढे.
जाता जाता स्नायूंना हलवतो,
कातडीची विचारपूस करतो.
अंगठा एकीच्या वाट्याचा, करंगळी वेगळीच्या,
बेंबी छातीकडल्या दहावीची...

"लांब दोरच की हा!"
मुख्य दोर, त्याला अंतराअंतरावर उपदोर,
प्रत्येकाच्या टोकाला गळ.
चाळीस वर्षं आर्नफिनने हाच गुंता सोडवला.
"एखादा तुटला तर?"
"एकच तुटला तर धड कळायचंही नाही.
शेजारणींनी आधीच
थोडी थोडी हद्द ओलांडलेली असते."
"आणि मुख्य दोर?"

ती पेनाचं टोपण लावते.
या बेटावर एइलिफ सगळ्यांना माहीत होता.

धाकटा भाऊ. एकोणऐंशीचा मार्च,
डेकवर बर्फ, विंचजवळून पाय घसरला.
त्यानंतर बेंबीपर्यंत एइलिफ,
खाली कुणीच नाही.
आर्नफिन कॉफीचा कप त्याच्या पोटावर टेकवायचा,
वरून खाली सरकवत न्यायचा.
गरम. गरम. गरम.
मग गप्प.
हसायचे दोघं. कधी कधी.
एकदा कप कलंडला, मांडीवर टरारून फोड आले,
आणि एइलिफ पेपर वाचत राहिला,
हवामानाचं पान.

आता नुसतं कापड लागलं तरी आर्नफिनचा जीव जातो.
"यातलं बोटभर त्याने मागून घेतलं असतं,"
तो शर्टाला म्हणतो. "मांडीसाठी."

राग्नहिल्ड गोळ्या लिहून देते.
विषय बदलावा म्हणून सांगते
की लहानपणी त्याला कांजिण्या आल्या असणार,
तेच दुखणं इतकी वर्षं
एका मुळाशी अंग चोरून निजलं होतं.
आणि हेही, की माणसाच्या अंगावरचे हे पट्टे
उभ्याने बघितले तर तिरपागडे वाटतात.
चार पायांवर उभं राहिलं
की ओळीने लागतात, डोक्यापासून शेपटीपर्यंत.
"शेपूट?" तो विचारतो.
"होती," ती म्हणते.

रात्री गोळी बोटांतून निसटली,
टेबलाखाली गेली.
रेघ त्याने अजून धुतली नव्हती.
तळहात टेकले, मग गुडघे,
सत्तरीच्या माणसाला हे सगळं वेळ घेऊन करावं लागतं.
लाकडी जमीन. अंगठ्याला गार.
करंगळीला गार.
डाव्या गुडघ्याला गार, उजव्या गुडघ्याला,
पायाच्या बोटांनाही.
"गार," तो मोठ्याने म्हणाला, त्या रिकाम्या स्वयंपाकघरात,
कुणीतरी कप सरकवत असल्यासारखा.

गोळी केव्हाच हाताला लागली होती.
तो तसाच राहिला थोडा वेळ.