नाळेवरचा रंग

दर मार्चला आवैरूच्या खाजणातल्या नावा
आम्ही माझ्या शेडपुढं वाळूवर ओढून घेतो.
तळाला डांबर, फटींत ताग,
आणि नाळेवर नवं चित्र.
जुनं चित्र मीठ खाऊन टाकतं वर्षभरात,
त्यात रडण्यासारखं काही नाही.
तीस वर्षं हेच सांगत आलो मी,
गिऱ्हाइकांना, बायकोला,
आणि इरिया पहिल्यांदा आली तेव्हा तिलाही.

एकोणीस वर्षांची. कलाशाळेतून हाकलली म्हणाली.
पुढं कळलं, फी थकली होती.
हातात ब्रश नव्हता, शिडी होती खांद्यावर.
"तुमचे संत रडके आहेत, आंसेल्मु,
आणि या घोड्याला पाच पाय."
मोजले.
पाच होते.

तिनं काढलेला पहिला संत जांभई देत होता.
पाद्री आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला,
रागावण्यासाठी तोंड उघडलं
आणि त्यालाच जांभई आली.
चित्राखालची ओळ ती मुद्दाम चुकवायची :
'आज मासे नाय ऊद्या पन नाय'
आमच्या बापजाद्यांची रीतच ती.
शुद्ध लिहिलं तर नाव बुडते, म्हणायची.

खांदा दुखायला लागला
तेव्हा आम्ही दोघांनी शिडीला दोष दिला.
मी हलकी शिडी करून दिली, पाइनची.
कुइंब्राच्या डॉक्टरांनी बोट ठेवलं ते हाडावर.
रोगाचं नाव सांगताना ती हसली,
"फार लांब आहे, नाळेवर एका ओळीत मावायचं नाही."

जूनमध्ये उजवा हात काढला.
ऑगस्टमध्ये ती डाव्या हातानं लाटा काढत होती,
आणि जन्म पाण्यावर काढलेला माणूस म्हणून सांगतो,
त्याआधी तिला लाट येत नव्हती.
तिच्या लाटा शिकलेल्या असायच्या,
आता त्या नुसत्या यायच्या.
हे तिला बोललो नाही.
दुखण्याचा फायदा
कुठल्या तोंडानं सांगायचा माणसाला?

इस्पितळात जाताना मी लाकडाचे तुकडे न्यायचो.
रंगवायला म्हणून.
शेवटी शेवटी ती नुसता वास घ्यायची,
एक भुसा लागलेला तुकडा उशीखाली.
नर्स ओरडली, मग ओरडायची थांबली.
नोव्हेंबरात गेली.
सत्ताविसावं लागायला अकरा दिवस होते.

तिची शेवटची नाव दुआर्तची.
नाळेवर शिडी, शिडीवर पोर,
शिडी कशालाच टेकलेली नाही.
खालची पट्टी कोरी.
दुआर्त म्हणाला, काच लावू.
नगरपालिकेचा माणूस म्हणाला, तुकडा कापून देता का, भिंतीवर टांगू.
मी फळीला अंगठा लावला, आत गेला अंगठा.
आणि तिचं बोलणं आठवलं, सलाइन लावलेली असतानाचं :
"खरवडा हं. मीही कुणाचं तरी खरवडूनच बसले होते."

आज खरवडलं.
तिची आई देउलिंदा आली होती मिठागरावरून,
पायांत तसेच गमबूट.
आधी पिवळा गेला, मग त्याखालचा निळा.
पोर गेली, शिडी थोडा वेळ राहिली.
उघड्या लाकडावर, कोऱ्या पट्टीच्या बरोबर खाली,
पेन्सिल निघाली. डाव्या हाताची, वाकडी :
कांदे
टर्पेंटाइन
आईला फोन

एकही चूक नव्हती.

मी पटाशी खाली ठेवली.
देउलिंदानं नाळेवर तळवा टेकला,
बराच वेळ,
गाईच्या पाठीवर ठेवावा तसा.
"केला होता," म्हणाली.
"किती कांदे आणू, विचारत होती."

मग ती मिठागराकडं गेली, भरती व्हायच्या आत.
मी पांढऱ्याचा डबा उघडला, ढवळला,
पुन्हा ढवळला.