अधिक चिन्ह

एरंडवण्याची रक्तपेढी आणि हडपसरचं आमचं हॉस्पिटल
यांनी एकमेकांशी थेट बोलायचं ठरवलं,
तेव्हा मधली वाट बांधायचं काम माझ्याकडे आलं.
त्यांच्याकडून एक फाइल आली:
काय विचारायचं, कोणत्या शब्दांत,
उत्तर कशात गुंडाळून मिळेल.
लग्नाची यादी करतात तसं सगळं लिहून.

तौफिक आत्तार म्हणाला, दे की जनरेटरला.
दिली.
चहा ओठांपर्यंत जायच्या आत
दोनशे बारा फाइली.
गणवेशातल्या मुलींसारख्या रांगेत,
प्रत्येकीच्या कपाळावर तीच ओळ:
ही फाइल यंत्राने लिहिली आहे, हात लावू नये.

नाही लावला.
पण वाचायला घेतलं तर एका प्रश्नाला अकरा पदर,
आत वाकून बघावं तर आणखी एक पडदा,
आणि त्यामागे कुणीच नाही.
रक्त आहे का, एवढंच तर विचारायचंय.
त्याला हे वऱ्हाड कशाला?

त्या रात्री मगरपट्ट्याच्या खोलीत
मी साठ ओळी हाताने लिहिल्या.
पत्ता. किल्ली. प्रश्न.
दहा सेकंद थांब. नाही बोललं, तर पुन्हा विचार.
तरीही नाही, तर सांग, फोन लावा.
साठातली प्रत्येक ओळ मी अंधारातही ओळखली असती,
आणि हे मी सकाळी तौफिकला
जरा जास्तच वेळा सांगितलं.

नवव्या दिवशी, पहाटे साडेतीनला,
सिस्टर फिलोमिनाने बी पॉझिटिव्ह मागितलं.
उत्तर आलं: असा रक्तगट अस्तित्वात नाही.

पुण्यात दगड मारला तर बी पॉझिटिव्हला लागेल!

पत्त्याच्या ओळीतून पाठवलेलं अधिक चिन्ह
पलीकडे मोकळी जागा म्हणून वाचलं जातं.
मला माहीत होतं. परीक्षेत लिहिलंसुद्धा होतं.
हडपसर आणि एरंडवणं यांच्या मध्ये कुठेतरी
माझ्या साठ ओळींच्या पिशवीतून ते गळून पडलं,
आणि पेढीपाशी पोचला नुसता बी,
पुढे एक रिकामी जागा घेऊन.

फिलोमिनाने फोन लावला, तो रस्ता मी ठेवला होता म्हणून.
पिशवी रिक्षाने आली. माणूस वाचला.
मी मात्र त्या दोनशे बारांत शोधत बसले.
सत्त्याऐंशीव्या फाइलीत
ते चिन्ह नीट पुडीत बांधून ठेवलेलं होतं.

बाबा शिवाजीनगर कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसायचे.
डावीकडे छापील नमुन्यांचा गठ्ठा, उजवीकडे कोरे कागद.
ज्याचं भांडण चारचौघांसारखं, त्याला डावीकडचा.
बाई बोलता बोलता मध्येच गप्प झाली,
तर हात आपोआप उजवीकडे.
पैसे तेवढेच घ्यायचे, त्यावरून आई चिडायची.
एकदा छापखान्याने हयातीच्या दाखल्यात
"हयात आहे"च्या जागी "हयात नाही" छापलं.
आठ पेन्शनर चष्मा न लावता सही करून गेले.
पेन्शन थांबलं तेव्हा आठही जण जातीने आले,
आपण मेलो कसे ते विचारायला.
त्यानंतर बाबा छापीलसुद्धा
दर वेळी पहिल्यापासून वाचायचे,
ओठ हलवत.

आता माझ्या ओळी त्रेसष्ट आहेत.
एकसष्टावी अधिक चिन्हाला पुडीत बांधते,
आणि रोज सकाळी आठही रक्तगट
पेढीपर्यंत जाऊन परत येतात, बघायला, कुणी सांडतंय का.
ते दोनशे बारा अजून शेजारच्या फोल्डरमध्ये आहेत.
डबा खाताना एकेक वाचते.
काही ठिकाणी यंत्र माझ्याहून शहाणं,
काही ठिकाणी नुसतंच तोंडपाठ.

तौफिक म्हणाला, चालत तर तुझंच आहे,
मग हे उडवू ना?
मी एकेचाळिसाव्या फाइलीवर होते,
बोटाला भेंडीच्या भाजीचं तेल.
थांब, म्हटलं. हात लावू नकोस.