पाठकोरा

मुंबई नाक्याजवळच्या कॅन्सरच्या दवाखान्यात
माझं काम सोपं होतं:
चार वाजता टेबल मांडायचं,
येईल त्याला नमस्कार करून
अभिप्रायाचा फॉर्म पुढे सरकवायचा.
बावीस प्रश्न. प्रत्येकाखाली पाच चेहरे,
पहिला रडका, पाचवा हसरा,
सगळे पिवळे, सगळे टकले.

"टकले काढलेत हे बरं केलंत,"
वडाळ्याच्या शमीमबी म्हणाल्या,
डोक्यावरची ओढणी सारखी करत.
हे लिहायला फॉर्मवर जागा नव्हती.

गेणू शिरसाट, सिन्नरचे. पन्नास वर्षं विड्या वळल्या,
तितकीच वर्षं ओढल्या.
प्रश्न नववा: डॉक्टरांनी तुमचं बोलणं ऐकून घेतलं का?
त्यांनी गळ्यातल्या छिद्रावर बोट ठेवलं,
वाऱ्याचा एक शब्द आला.
मला कळला नाही. परत विचारायची लाज वाटली.
मी खूण केली: लागू नाही.

सोनकीबाई भोये एकदाच सापडल्या,
सुरगाण्याची एस.टी. रद्द झाली त्या शुक्रवारी.
किती बोलल्या त्या!
हात छातीवरून दाराकडे गेला, दारातून परत छातीवर,
बोटं मोजली, एकदा हसल्यासुद्धा.
मला कळले तीनच शब्द: लाईट, दार, वाघ.
भाचा मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला,
"बरं हाय म्हणते."
मी चौथा चेहरा गोल केला.

मार्चमध्ये गंगापूर रोडच्या हॉटेलात
काजू खात आम्ही पडद्यावर पाहिलं:
चौऱ्याण्णव टक्के समाधानी.
टाळ्या.
माझ्या शेजारी कुणी म्हणालं, उरलेले सहा कोण?
मला मात्र त्या सहांचं काही वाटलं नाही.
मला आठवत होतं की माझं टेबल चारला मांडतात
आणि सुरगाण्याची गाडी साडेतीनला सुटते.
शंभर म्हणजे ज्यांना गाडी गाठायची नव्हती ते शंभर.

पुढच्या शुक्रवारी मी तीनलाच स्टँडवर गेले.
सोनकीबाई बाकावर होत्या, पदराखाली
छातीवरची जांभळी खूण जपत.
आश्रमशाळेची एक मुलगी भेटली, नववीतली, रंजिता.
तिला म्हटलं, गाळू नकोस,
जे म्हणतील ते सगळं सांग.
फॉर्म उलटा केला. पाठकोऱ्या बाजूवर लिहीत गेले:

"खूण पुसू नको म्हणतात.
दिंडोरीला द्राक्षं खुडायला जाते, घाम येतो, पुसते.
मग ओरडतात. ओरडा, पण घामाचं काय ते सांगा.
मशीनच्या खोलीत मला झोपवतात
आणि सगळे बाहेर पळतात. जाड दार लावतात.
आमच्याकडे वाघ आला तर असे पळतात.
मला वाटलं, वाघ माझ्याच अंगात आहे,
ह्यांना दिसला, मला कुणी सांगत नाही.
एकानं तरी दारात म्हणावं,
बाई, परत येतो."

गाडी लागली. रंजिताने पिशवी चढवली.
कागदावर सही म्हणून सोनकीबाईंनी अंगठा नको म्हटला,
एक रेघ ओढली, थोडी वाकडी.

सोमवारी साहेबांनी कागद दोन्हीकडून पाहिला.
"छान आहे. पण हे कुठल्या रकान्यात भरू?"
मला उत्तर सुचलं नाही. अजून नाही.

गेणूभाऊ परवा आले, तपासणीला.
मी फॉर्म काढलाच नाही, शेजारी बसले.
बोट छिद्रावर. वारा.
"परत सांगा."
वारा.
"परत, भाऊ. मला वेळ आहे."
तिसऱ्यांदा ऐकू आलं: पंखा.

वर पाहिलं. बाकाच्या बरोब्बर वरती,
फुल स्पीडवर. उघड्या गळ्यात सरळ वारा,
खोकला, आणि पुन्हा खोकला. आठ महिने.
बटण
माझ्याच खुर्चीमागे होतं.