अधलंमधलं

जुन्या बाजारात, रविवारी,
मुमताजबीच्या ताडपत्रीवर
बिनचावीची कुलपं, एका काडीचे चष्मे,
आणि त्यांच्यात स्वतःचीच वायर गुंडाळून बसलेलं
शिलाई मशीनचं पायडल. काळं, बॅकेलाइटचं.
दोनशे म्हणाली.
चालू आहे का?
चालू असतं तर इथं आलं असतं का, बाई?
ऐंशीला दिलं.

तिडके स्कूटरपाशी थांबलेले.
हेल्मेटचा पट्टा ते अजून दातांनी ओढतात.
उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी,
मधली तीन भोसरीत राहिली
पॉवर प्रेसच्या डायखाली,
अठ्ठ्याण्णव साली, दुसऱ्या पाळीत,
चहाच्या थोडं आधी.

घरी आणून उघडलं.
आत चिनी मातीच्या दोन नळ्या,
नळ्यांत कार्बनच्या चकत्या, एकीवर एक रचलेल्या.
दाबलं की चकत्या जवळ येतात,
रोध उतरतो, करंटला वाट मिळते.
मीटर लावला.
बराच वेळ काहीच नाही,
आणि मग एकदम सगळं.
"आमच्या सुपरवायझरसारखं," तिडके म्हणाले.

चकत्या काढून टाकल्या.
बोटांचा काळा रंग सोमवारपर्यंत गेला नाही.
तापकीर गल्लीतून दहा केचा पॉट आणला,
मेलेल्या सीडी प्लेयरच्या ट्रेची दातेरी पट्टी,
आणि पाय वर ढकलायला एक स्प्रिंग, कशातली ते आठवत नाही.
पाय खाली गेला की पट्टी सरकते,
पट्टी सरकली की पॉट फिरतो,
पडद्यावर आकडे चढतात,
शून्यापासून एक हजार तेवीसपर्यंत.
तिडके त्याला पोट म्हणतात.
"पोट नीट बसलं का, मॅडम?"
बसलं.

दिघी रोडला त्यांचा पत्र्याचा गाळा.
पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटरी, सगळ्यांची वाइंडिंग.
डावा हात तारेला लागतो,
छत्तीस गेजची तार, केसाहून थोडी जाड,
हिसका बसला की तुटते
आणि नऊशे वेढे पहिल्यापासून.
उजव्या हाताने हँडल फिरवून फिरवून
करंगळी सुजायची.
म्हणून मोटर. म्हणून हे.

सगळं जोडलं. पायडल टेबलाखाली ठेवलं.
त्यांनी चप्पल काढली,
पाय पुढे नेला,
आणि मागे घेतला.

"प्रेसलापण पायडलच होतं."
माझ्याकडे न बघता, टेबलाच्या पायाकडे बघत.
"त्याला दोनच गोष्टी कळायच्या.
पाय आहे. पाय नाही.
अर्धा पाय त्याला कळत नव्हता."

पंधरा वर्षं पोरांना शिकवतेय,
डिजिटल म्हणजे काय, ॲनालॉग म्हणजे काय.
दर परीक्षेला येतं, चार मार्कांना.
असं उत्तर अजून कुणी लिहिलेलं नाही.

मी लॅपटॉप उघडला.
म्हटलं, हे बघा, पहिले शंभर आकडे मेलेले ठेवते.
नुसता पाय टेकला, चुकून लागला,
तर मोटर हलणारच नाही.
"दोनशे करा."
दोनशे केले.

मग त्यांनी पाय ठेवला.
दोनशेपर्यंत काही नाही.
दोनशे दहाला मोटर कुरकुरली,
अडीचशेला बॉबिन फिरायला लागला, इतका हळू
की त्यावरचा डाग मोजता येत होता.
तार बांधलेली नव्हती.
काही गुंडाळायचं नव्हतं.
पाचशेच्या आसपास त्यांनी पाय थांबवला,
ना दाबला ना सोडला,
आणि तसाच धरून बसले.
बाहेर कुणीतरी पंखा घेऊन आलं होतं,
त्याला हातानेच सांगितलं, थांब.

गुरुवारी फोन आला.
"मॅडम, त्या दोनशेचे दीडशे करता येतील का?
घाईचं काम आलंय."