दुसरं प्रूफ

तो दारूगोळ्याच्या कारखान्यात प्रूफला होता,
मी महालातल्या छापखान्यात.
एकाच शब्दावर दोघांचे पगार निघाले, तीस-तीस वर्षं.
मला चूक सापडली की लाल पेन्सिल,
त्याला सापडली की अख्खा लॉट परत.

डोमाजी नंदनवार. निवृत्तीनंतर दारात उभा.
"कुमुदताई, खिळे आहेत म्हन्ते जी तुमच्याजवळ?"
होते. छापखाना मोडला तेव्हा मालकानं
थकलेल्या पगारापोटी एक पेटी दिली होती,
बारा पॉइंटची, कडा झिजलेली,
पलंगाखाली तिला ढकलायलाही दोघं लागायची.
"निस्तं शिसं मऊ पडते, नळीला चिकटते.
तुमचा खिळा कडक आहे."
माझ्या कामाबद्दल इतकं चांगलं
याआधी कुणी बोललं नव्हतं.

दिले. फक्त ळ निवडून ठेवले.
भावनेचा प्रश्न नाही. ते आमच्याकडे कायम कमी पडत,
एका पानावरचे सोडवून दुसऱ्यावर लावावे लागत.
जे पुरत नाही ते देववत नाही.

वाडीला त्याच्या अंगणात, शेगडीवर,
अक्षरं आधी अंग चोरून बसली,
मग कुणाचा तरी वेलांटीचा पाय सुटला
आणि सगळी एकदम चांदीसारखी सपाट झाली.
वर काळी मळी आली, त्यानं पळीनं काढली.
शाई असेल. लग्नपत्रिकांची,
तेराव्याच्या कार्डांची,
नगरपालिकेच्या पाणी येणार नाही अशा सूचनांची.

हिंगण्याच्या पुढे टेकडीच्या पोटात रेंज.
एप्रिल, सकाळचे सात, आणि दगड आत्ताच तापलेले.
परवाना, वही, पोत्यात भरलेली वाळू, रायफल.
बोल्ट वर, मागे, पुढे, खाली.
हा ठेका मला पाठ होता:
ट्रेडलवर गणपत असाच कागद सरकवायचा
आणि बोटं वाचवायचा.

पहिल्या पाच गोळ्या. आम्ही चालत गेलो बघायला.
तीन भोकं गोल. दोन लांबट,
गोळी हवेतच आडवी होऊन कागदात शिरलेली.
"लोळला खिळा," मी म्हणाले.
"आँ?"
"ओळ सैल बांधली की एखादा असाच आडवा पडतो."
तो हसला नाही. वहीत लिहून घेतलं: ओळ सैल.
मग मेण बदललं, जोर थोडा उतरवला,
नळीतून चिंधी फिरवली, करडी निघाली,
पुन्हा फिरवली, पुन्हा करडी.
मी छत्रीखाली बसून संत्रं सोललं. आतून सुकलेलं होतं.

दुसऱ्या पाच. आवाजही वेगळा,
दार आपटल्यासारखा नाही, कडी लावल्यासारखा.
चार भोकं एका रुपयाखाली झाकली गेली.
पाचवं चार बोटं डावीकडे,
समासाबाहेर.
मी सवयीनं पर्समधून लाल पेन्सिल काढली
आणि त्याला गोल केला.
"तो गोळीचा दोष नाही जी," डोमाजी म्हणाला,
"श्वास माह्या चुकला."

तीस वर्षांत एकाही लेखकाच्या तोंडून
हे वाक्य मी ऐकलं नव्हतं.

"सही करा," म्हणाला, "तारीख टाका."
मी लिहिलं: एक दुरुस्ती करून छापावे.

मग चाळणी घेऊन बांधाची माती उपसली.
शिसं टाकून जायचं नसतं.
काम झालं की खिळे आपापल्या घरात परत,
हे मला सांगायची गरज नव्हती.
चपटे, फुललेले, कोमट तुकडे
स्टीलच्या डब्यात पडत राहिले.
एकावर मला काना दिसल्यासारखा वाटला.
वितळलेल्यात काना कुठून येणार,
खड्यानं चरा पडला असेल.
चष्म्यावर धूळ होती. पदरानं पुसला
आणि तुकडा उजेडाकडे धरून,
सवयीनं, उजवीकडून डावीकडे,
उलटा वाचून पाहिला.